पळीभर तीर्थ

माझ्या वडिलांनी आयुष्यात कधी पूजेआधी चहासुद्धा घेतला नाही. अंगात ताप असो, घरात लग्न असो की उदगीरच्या मोंढ्यात तुरीची आवक तोंडावर आलेली असो, सकाळी अंघोळ झाली की गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढायचं, डाव्या तळहातावर ठेवायचं, उजव्या हातानं त्यावर पाणी घालायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान वाहायचं. मग खालच्या वाटीत जमलेलं ते तीर्थ पळीनं तोंडात घ्यायचं आणि त्यानंतर जे काय खायचं-प्यायचं ते. आम्हा लिंगायतांच्या घरात हे काही जगावेगळं नव्हे. पण आमच्या अप्पांचा हट्ट जगावेगळा होता. एकदा लातूरला कोर्टाच्या कामाला जाताना एसटी बंद पडली, तर हे पाण्याची बाटली घेऊन एका बाभळीखाली जाऊन बसले आणि पूजा मांडली. ड्रायव्हरनं गाडी दुरुस्त केली, हाका मारल्या, शेवटी कंटाळून तो निघून गेला. अप्पा मागच्या गाडीनं पोचले तेव्हा कोर्टात पुढची तारीख पडून गेली होती. ही गोष्ट ते स्वतःच हसत हसत सांगायचे आणि अव्वा कपाळावर हात मारून घ्यायची. उदगीर कर्नाटकाला चिकटून, त्यामुळं आमच्याकडं आईला अव्वा म्हणायची पद्धत.

अशा माणसाला लकवा मारला, तोही डाव्या बाजूला. डावा हात गेला म्हणजे देव ठेवायची जागाच गेली.

जीभही जड झाली. बोलणं दोन-चार शब्दांवर आलं, आणि तेही फक्त अव्वाला कळायचे. दवाखान्यातून घरी सोडायची वेळ आली तेव्हा प्रश्न आला, न्यायचं कुठं. उदगीरच्या घराला उंच पायऱ्या, संडास मागच्या अंगणात. माझा धाकटा भाऊ लातूरला असतो. त्याचं घर कोचिंग क्लासच्या गल्लीत आहे, वरच्या दोन्ही मजल्यांवर नीटची तयारी करणारी पोरं ठेवलेली. त्या पोरांचा अभ्यास मोडू नये म्हणून घरची माणसं दबक्या आवाजात बोलतात. तो मला म्हणाला, "अक्का, तुझ्याकडं तळमजला हाय. अन् नांदेडात दवाखाने बी चांगले हायत." लातुरात काय दवाखान्यांचा दुष्काळ पडला होता? पण तोंडावर आलेलं गिळलं. भांडायला त्या वेळी फुरसत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाच ते दोघं माझ्याजवळ हवे होते.

भावकीत कुजबुज झालीच. पोरगा असताना लेकीच्या दारात जाऊन पडले. ही कुजबुज करणाऱ्यांपैकी एकानंही "आमच्याकडं आणा" असं म्हटलं नाही. अव्वाला मात्र ते लागायचं. माझे मिस्टर उमरीला नोकरीला, पहाटेच्या रेल्वेनं जाऊन संध्याकाळी परत येतात. स्वभावानं गरीब माणूस. अप्पांसाठी त्यांनी हॉल सोडला, टीव्ही आतल्या खोलीत नेला, कधी कपाळाला आठी नाही. तरी अव्वा त्यांच्यासमोर खुर्चीवर बसायची नाही. ते घरात असले की स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भाजी निवडत राहायची. भाजी संपली की निवडलेलीच पुन्हा निवडायची.

मी कंबर कसली. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, आणि घरात पेशंट आला की माझ्यातली बाई कमी होते नि मास्तरीण वाढते. बाथरूममध्ये भिंतीला धरायचे दांडे बसवून घेतले. खरखरीत फरशी टाकली. डोक्याकडून वर होणारा पलंग आणला, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी आणली. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी घरी येऊ लागली. अंघोळ घालायला, कपडे बदलायला दिवसाची एक बाई ठेवली. खिडकीशी पलंग असा लावला की अप्पांना रस्त्यावरची ये-जा दिसावी, कारण आयुष्यभर मोंढ्यात बसलेल्या माणसाला माणसं दिसली नाहीत तर तो आधी त्यानंच मरेल असं मला वाटायचं. ते बघायचेसुद्धा. एखादा टेम्पो पोत्यांनी भरून गेला की उजवा हात वर करायचे. अव्वा म्हणायची, "सोयाबीन म्हनलालेत." तिला ते कसं कळायचं हे मला कधी कळलं नाही, पण टेम्पोत सोयाबीनच असायचं.

पूजेचं अव्वानं स्वतःच ठरवून टाकलं होतं. अप्पांची अंघोळ झाली की ती पलंगावर त्यांच्या डाव्या अंगाला बसायची. त्यांचा निर्जीव तळहात आपल्या दोन्ही तळहातांवर घ्यायची, बोटं एकेक करून उघडायची, लिंग ठेवायची. अप्पा उजव्या हातानं पाणी घालायचे. हात थरथरायचा, अर्धं पाणी चादरीवर, अर्धं अव्वाच्या मांडीवर. अव्वा मांडीवर वाटी ठेवून बसायची. लिंग पडू नये म्हणून ती इतका श्वास रोखून धरायची की पूजा संपली की तीच दमलेली असायची. कॉलेज सकाळचं असल्यानं मी त्या वेळी घरात नसायचे. रविवारी असले तरी स्वयंपाकघरात. आणि ज्या गोष्टी आपण जन्मापासून बघितलेल्या असतात त्यांच्याकडं आपण मान वर करून बघतो तरी कुठं? घंटी ऐकू आली की मी कणिक तिंबायला घ्यायचे, एवढंच.

आता मुख्य गोष्ट. लकव्यानं अप्पांचं गिळणं बिघडलं होतं. घास एकवेळ बरा जायचा, पण पाणी, चहा, ताक, असलं पातळ काही घेतलं की ते अन्ननळीऐवजी श्वासनळीकडं निसटायचं. डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं की साधं पाणी हे या माणसाला विषासारखं आहे. पाणी छातीत उतरलं की न्यूमोनिया. म्हणून जे जे पातळ ते ते पावडर घालून दाट करून चमच्यानं द्यायचं. मी वर्गात हेच शिकवते. श्वासनळीवरचं झाकण, घास गिळताना ते कसं मिटतं, बोलत बोलत जेवू नये ते का. पोरं हसतात, मीही हसते.

अव्वानं हे डॉक्टरचं बोलणं वेदवाक्यासारखं धरलं. चहात पावडर, ताकात पावडर, वरणाच्या पाण्यात पावडर. कुणी पाहुणा आला आणि मायेनं म्हणाला, "घोटभर पाणी तरी द्या की म्हाताऱ्याला," तर ही एरवी कुणाला शब्द न बोलणारी बाई पलंगाच्या आडवी उभी राहायची. "न्हाई. डॉक्टरनं मना केलंय. पाणी न्हाई द्यायचं." अप्पा चमचा तोंडात आला की तोंड वेडंवाकडं करायचे आणि एक शब्द बोलायचे. तो मलाही कळायचा. "खळ." आम्ही लहानपणी पतंगाला लावायचो ती खळ. मी म्हणायचे, "खळ तर खळ, अप्पा, पण चिकटून राहा आमच्याजवळ." ते वाकड्या तोंडानं हसायचे.

तरी ताप आला. खोकला, मग ताप, मग श्वास घुरघुरायला लागला. दवाखान्यात भरती. डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी गेलंय. बरे झाले, घरी आले, पुन्हा अंगावर जरा मांस धरायला लागले आणि पुन्हा तेच. डॉक्टरांनी अव्वाला विचारलं, "आजी, साधं पाणी दिलं का कधी? चुकून?" अव्वा म्हणाली, "न्हाई ओ सायब. एक थेंब न्हाई." तिच्या चेहऱ्याकडं बघून कुणालाही कळलं असतं की ही बाई खरं बोलते आहे. आणि ती खरंच बोलत होती.

मग माझी चौकशी सुरू झाली. मी दिवसाच्या बाईला उलटं-सुलटं विचारलं. व्यायामाच्या मुलीला विचारलं. पावडरचा डबा बदलला, दुसऱ्या दुकानातून आणला, दाटपणा चमचा उलटा धरून तपासायला लागले. भाऊ लातूरहून भेटायला येऊन गेला आणि त्यानंतर लगेच ताप आला, तेव्हा तर माझी खात्रीच पटली. फोन लावून मी त्याला फैलावर घेतलं. "पाणी पाजलंस ना? दया आली ना तुला? वर्षातून एकदा यायचं आणि दया करून जायचं!" तो म्हणाला, "अक्का, देवाशपथ, हात बी लावला न्हाई गिलासाला." मी फोन आपटला. नंतर बरेच दिवस आमचं बोलणं बंद होतं. मधे अव्वा निरोप पोचवायची. "तो इचारलालता, अप्पा कसे हायत." मी म्हणायचे, "सांग त्याला, तहानलेले आहेत."

श्रावणातला सोमवार होता, कॉलेजला सुट्टी. अव्वानं सकाळीच मला हाक मारली, आज पूजेला दूध लागेल म्हणून. मी वाटीत दूध घेऊन हॉलमध्ये गेले आणि सहज पलंगाच्या पायथ्याशी टेकले. कितीतरी वर्षांनी मी अप्पांची पूजा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघत होते. पाणी, दूध, पुन्हा पाणी. भस्म. बेल. अप्पांच्या ओठांची हालचाल, मंत्र म्हणत असावेत. अव्वानं लिंग पुसून डबीत ठेवलं, डबी त्यांच्या छातीवर सारखी केली, आणि मग मांडीवरची वाटी उचलून पळी भरली. अप्पांनी तोंड उघडलं. पिलानं उघडावं तसं, विश्वासानं. तिनं पळी आत रिकामी केली. मग दुसरी. मग तिसरी. अप्पांना ठसका लागला. अव्वानं त्यांना पुढं वाकवून पाठ थोपटली आणि शांतपणे म्हणाली, "शिव शिव. झालं, झालं."

मी म्हटलं, "अव्वा, काय करलालीस हे?"

"काय?"

"काय दिलंस त्यांना?"

"तीर्थ."

"रोज देतेस?"

"मग? तीर्थ घेतल्याबिगर जेवतेत का हे?"

"अव्वा, ते पाणी आहे!"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच आजारी आहे. "पाणी कसं गं? तीर्थ हाय ते. पाणी एक थेंब दिलं न्हाई म्या."

तिथं मला रडावं की ओरडावं कळेना. खोटेपणा असता तर मी तिला धारेवर धरलं असतं. चोरून दिलं असतं तर रागावता आलं असतं. पण तिच्या हिशोबी एका वाटीत पाणी होतं आणि दुसऱ्या वाटीत तीर्थ, दोन वेगळे पदार्थ, जसं दूध वेगळं नि तेल वेगळं. ज्या गोष्टीनं तिच्या मते त्यांचा जीव टिकून होता, तीच ती रोज सकाळी, हात न थरथरू देता, त्यांच्या छातीत ओतत होती. मी तिच्याच हाताखाली वाढलेली. माझ्या लहानपणी मला गोवर आला तेव्हा हेच तीर्थ माझ्या तोंडात घातलं होतं तिनं.

त्या दिवशी एवढंच म्हटलं की डॉक्टरांना विचारेपर्यंत देऊ नकोस. ती म्हणाली, "मग जेवायचं कसं त्यांनी?" दुसऱ्या दिवशी मी एक शहाणपणा केला. पूजेच्या वाटीत पावडर टाकून तीर्थच दाट केलं. अव्वा बघत राहिली. तिला ते विटाळल्यासारखं वाटलं असणार. अप्पांनी पहिली पळी तोंडात घेतली आणि थुंकून दिली. माझ्या अंगावर. "खळ," ते म्हणाले, आणि या वेळी हसले नाहीत.

त्या आठवड्यातच पुन्हा ताप चढला आणि पुन्हा दवाखाना. आधीच्या दिवसांचं आत साठलेलं असावं. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि विनंती केली की तुम्हीच तिला समजावा, माझ्यानं होणार नाही. रोज शंभर पोरांना श्वासनळी शिकवणारी मी, एका बाईला शिकवायची माझी छाती नव्हती. डॉक्टर भला माणूस. त्यांनी अव्वाला खुर्चीवर बसवलं, कागदावर दोन नळ्या काढल्या, एक घासाची, एक श्वासाची. अजिबात आवाज न चढवता सांगितलं की छातीला पाणी काय नि तीर्थ काय, दोन्ही सारखंच. पुढं हेही म्हणाले की यानंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, अशा पेशंटची स्वतःची लाळसुद्धा चुकीच्या वाटेनं जाते. पण बंद करा.

लाळेचं वाक्य अव्वाच्या कानापर्यंत पोचलंच नाही. ती त्या कागदाकडं बघत होती. मग तिनं आपला उजवा तळहात उलटा-सुलटा करून बघितला आणि विचारलं, "म्हंजे सायब, दर बारीला माझ्याच हातानं?"

डॉक्टर म्हणाले, "कुणाच्या हातानं हा प्रश्नच नाही, आजी."

तिच्यापुढं मात्र तेवढाच प्रश्न होता.

घरी आल्यावर अव्वानं पूजा बंद केली नाही. तसाच तळहात धरायची, तशीच बोटं उघडायची. पण पळी भरली की ती स्वतःच्या तोंडाला लावायची. आपल्या वाटणीचं आणि त्यांच्या वाटणीचं, दोन्ही तीच प्यायची, भराभर, मान फिरवून. अप्पा तोंड उघडून बसलेले असायचे. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं असेल, विसरली. त्यांनी उजव्या हातानं तिचा दंड हलवला. ती म्हणाली, "डॉक्टरनं न्हाई म्हनलंय ओ. बरं वाटंल मग देते." ते तोंड उघडेच ठेवून तिच्याकडं बघत राहिले. मी दारात उभी होते. ते बघून मी आत निघून गेले, कारण तिथं थांबायची माझी लायकी नव्हती असं मला वाटलं.

काही दिवस हे चाललं. रोज तोंड उघडायचं, रोज ती मान फिरवायची. मग त्यांनी एके सकाळी वाटीला फटका मारला. वाटी भिंतीवर आदळली, भस्माचं पाणी पडद्यावर उडालं. अव्वा फरशी पुसायला बसली. आणि त्यानंतर अप्पांनी तोंड उघडणंच सोडलं. तीर्थाला नाही, घासालाही नाही. ओठ मिटून घेतले ते घेतले. आयुष्यभराचा नेम होता, तीर्थाशिवाय अन्न नाही. त्यात मला नवल काहीच वाटायला नको होतं.

आम्ही आमच्या वीरशैव मठातल्या स्वामींना बोलावलं. मी मनातून फार आशा धरून होते. ते समजूतदार निघाले. अप्पांजवळ बसून म्हणाले, "तीर्थ डोळ्यांना लावलं तरी पोचतं, मस्तकावर शिंपडलं तरी पोचतं. शरीर साथ देत नसताना शिव हट्ट धरत नाही." त्यांनी अप्पांच्या डोळ्यांना तीर्थ लावलं. अप्पांनी ते लावू दिलं. पण जेवले नाहीत. शिव हट्ट धरत नसेल, आमच्या अप्पांचं तसं नव्हतं.

शेवटी नाकातून नळी घातली. मीच सही केली, मीच हो म्हटलं, भावाला फोनवर तीर्थाचं सगळं सांगून विचारलं तर तो रडत म्हणाला, "तू म्हनशील तसं, अक्का." अप्पांनी नळी उपसून काढली. पुन्हा घातली, पुन्हा उपसली. मग त्यांच्या चांगल्या हाताला कापडाची पिशवी बांधली, बोटं एकत्र मिटलेली राहतील अशी. म्हणजे आता दोन्ही हात सारखेच झाले. पूजा तेव्हा आपोआप थांबली. अव्वा डबी उघडून लिंग त्यांच्या डोळ्यांसमोर धरायची आणि परत ठेवायची.

आणि गंमत बघा, तब्येत सुधारली. नळीतून मोजून-मापून दूध, प्रथिनं, औषधं जायला लागली. छाती स्वच्छ. ताप नाही. गाल भरले. डॉक्टर खूश झाले. व्यायामाची मुलगी म्हणाली, "आजोबा किती छान दिसतायत." भावकीतली ती कुजबुजणारी मंडळी भेटायला येऊन माझी तारीफ करून गेली, लेकीनं लेकापेक्षा जास्त केलं म्हणाली. चहा पिऊन गेली. अप्पा खिडकीकडं पाठ करून पडलेले असायचे. टेम्पो गेले-आले, त्यांनी बघितलं नाही. मला स्वतःचा इतका राग यायचा की तो निघायला जागा नसल्यामुळं मी दिवसाच्या बाईवर, मिस्टरांवर, वर्गातल्या पोरांवर काढायचे. मी माझ्या बापाला जगवला होता, आणि त्याच्या डोळ्यांत बघायची माझी हिंमत नव्हती.

एक दिवस न राहवून मी अव्वाला म्हटलं, "दे त्यांना तीर्थ. काय व्हायचं ते होऊ दे. मी सांगते ना, दे."

ती भाजी निवडत होती. मान खाली घालूनच म्हणाली, "आता न्हाई होत गं माय."

"का? तूच तर म्हणायचीस, त्याशिवाय कसं..."

"तवा मला ठावं नव्हतं. तवा ते तीर्थ होतं." मग म्हणाली, "आता ती पळी उचलली की मला त्या दोन नळ्या दिसतेत. आता माझा हातच उठत न्हाई."

मग मी देऊ का, असं विचारावं म्हणून मी तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या हातचं ते कधीच तीर्थ नसतं. ते मला ठाऊक होतं, तिला ठाऊक होतं, आणि त्यांनाही असणार. मी तिच्यासमोर बसले आणि मेथीची जुडी सोडली. आम्ही दोघींनी मिळून ती भाजी निवडली.

अप्पा थंडी सरता सरता गेले. दुपारची वेळ, नळीतून दूध देऊन झालेलं, बाई भांडं धुवायला आत गेली होती. हृदय थांबलं. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं अगदी शेवटपर्यंत चांगली होती. मला समजावण्यासाठीच ते म्हणाले, हे मला कळतं.

आमच्यात जाळत नाहीत, माती देतात, आणि ती आपल्या गावच्या जमिनीत. मुखेडमार्गे आम्ही त्यांना उदगीरला नेलं. भाऊ लातूरहून आधीच पोचून दारात उभा होता. आम्ही दोघांनी मिळून अप्पांना आत घेतलं. अंघोळ घातली. बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकवून, मांडी घालून बसवलं, कारण लिंगैक्य झालेल्या माणसाला बसवूनच न्यायचं असतं. कपाळावर, दंडांवर भस्माचे पट्टे ओढले. नाकाच्या शेंड्यावर नळी चिकटवलेल्या पट्टीचा काळा डिंक राहिला होता. अव्वा खोबरेल तेलाचं बोट घेऊन तो घासत बसली. किती जणी म्हणाल्या, राहू दे आता. तिनं ऐकलं नाही. डिंक पूर्ण निघाल्यावरच उठली.

घर माणसांनी भरलं होतं. मोंढ्यातले जुने व्यापारी, हमाल, भावकी, शेजारपाजार. गावच्या स्वामींनी पूजा केली, लिंग अप्पांच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि बोटं मिटवून वरून कापड बांधलं. मग तीर्थाचं भांडं पुढं केलं. तोंडात तीर्थ घालायचं, पहिला मान बायकोचा. स्वामींनी अव्वाच्या हातात पळी दिली.

तिनं पळी भरली आणि तशीच थांबली. स्वामी म्हणाले, "घाला, अव्वा." ती हलली नाही. कुणीतरी मागून म्हणालं, धीर खचला बिचारीचा. पण ती रडत नव्हती. भरलेली पळी हातात धरून ती त्या सगळ्या माणसांमधून मला शोधत होती. मी भिंतीपाशी उभी होते. नजर सापडल्यावर तिनं सगळ्यांदेखत, स्वच्छ आवाजात विचारलं,

"आता देऊ का गं?"

मी मान हलवली.

"तोंडानं सांग, माय. देऊ का?"

खोलीतल्या कुणालाच त्याचा अर्थ लागला नाही. फक्त भावानं मान खाली घातली.

"दे, अव्वा," मी म्हटलं, तेव्हा तिनं दिलं.